आवाज करणारी जमीन

कंपनीच्या अफाट शेतांत नूतन दरेकर नऊ वर्षं माती तपासत होती. जमिनीत यंत्राची सळई खुपसायची, कानाला हेडफोन लावायचा आणि शांतता ऐकून ‘शुद्ध’ असा शेरा मारायचा. नव्या कायद्यानं आता लहान शेतंही तपासायची होती. डोंगरउतारावरच्या हौसाबाई लहामगेंच्या अर्ध्या एकरात मात्र तिच्या कानात चुळबुळ सुरू झाली.

“यंत्र बिघडलं वाटतं.”

हौसाबाईंनी हेडफोन लावला आणि त्या हसल्या. “गांडुळं हायेत ती. तुमच्याकडं नसतात व्हय?”

“नाही. आवाज आला की जमीन दूषित ठरते, मावशी. संध्याकाळी गाडी येऊन औषध फवारते.”

“मग माझी नाचणी?”

नूतननं सळई नाचणीपाशी रोवली, मग वालापाशी. प्रत्येक ठिकाणचा आवाज वेगळा होता. दुपारची भाकरीही तिनं हेडफोन न काढता बांधावरच खाल्ली. मग कार्यालयात फोन लावला.

“फवारणीची गाडी नको. आपल्या कंपनीच्या शेतातली पाटीभर माती पाठवा.”

“ती कशाला?”

“इथं मिसळून बघायचीय,” नूतन म्हणाली, “तिलाही आवाज फुटतो का.”