कोरडे पाय

खासदारांची समिती समुद्रावरची जलवाहतूक आणि तटरक्षक दल तपासून दमली, तेव्हा कुणीतरी तिला वेल्ह्याकडच्या धरणावर धाडलं. पाण्यापलीकडच्या वाडीला सरकारी लाँच हवी की नको, हे पाहायला. वाडीला होडी एकच, भिमाची, तीही गळकी. एकानं वल्हवायचं आणि दुसऱ्यानं डब्यानं पाणी उपसायचं.

"पाव्हण्यांचं पाय वल्लं झालं तर वाडीची अब्रू जाईल," बनाबाईनं भिमाला दटावलं. तिच्या सुनेला, आरतीला, आठवा लागला होता. लाँचची निकड तिच्याइतकी कुणालाच नव्हती. भिमानं डांबर ओतून भोकं बुजवली, बनाबाईनं होडीत कोरी घोंगडी अंथरली. समिती अलगद पार झाली आणि गावरान कोंबडीवर तिनं मनसोक्त ताव मारला. निघताना अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "आक्का, तुमची सून लाँचनंच बाळंतपणाला जाणार. माझा शब्द आहे."

महिन्याभरात डांबर निघालं. आरतीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिमा वल्हवत होता आणि बनाबाई एका हातानं सुनेला धरून दुसऱ्यानं पाणी उपसत होती.

"भिमा, लाँचचं काय झालं रं?"

"सरपंचांनी दिल्लीला फोन केलता, काकी. नामंजूर झाली."

"आन् ती का म्हनं?"

 

"अध्यक्ष म्हनले, होडी झ्याक हाय. आमचं पायबी वल्लं झालं न्हाईत."