धक्का जातो कुठं?

"सर, बंदुकीच्या तोंडाला एवढी भोकं पाडल्यावर गोळी गळत न्हाय व्हय?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून निशिगंधानं नेमबाजीच्या रेंजवर विचारलंच. सर हसले. "तो ब्रेक हाय. गोळीमागचा वायू भोकांतनं बाजूला फुटतो, रायफलीला पुढं ओढतो. खांद्याला धक्का निम्मा." "आणि उरलेला दणका?" "बाजूच्या माणसाच्या कानात." मैत्रिणी खिदळल्या, ती चिडली. बाजूचं माणूस तीच होती. पोरीच्या खांद्याला धक्का सोसणार नाही म्हणत पप्पांनी रायफल दादाला दिलेली आणि दुर्बिणीतून गोळी कुठं लागली सांगायला हिला शेजारी बसवलेलं. दणके वर्षभर तिनंच खाल्ले. संध्याकाळी ताटावर बसताच तिनं दुर्बीण दादापुढं ठेवली. "उद्यापासनं रायफल मी धरणार." "न्हाय," पप्पा म्हणाले. आई भाकरी थापायची थांबली. "आई, पप्पा काय म्हणाले गं? बाजूला बसून कान गेलेत. मी 'व्हय' समजते."