ज्वालामुखीची राख

“किल्ली,” म्हणत सरांनी हात पुढे केला.

“कपाट मी उघडते. तुम्ही आधी हातमोजे घाला,” त्यांची लेक म्हणाली.

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर मुलांचा नुसता गलका चालला होता. आज शाळेचं विज्ञान प्रदर्शन. सर निवृत्त झाले होते, पण त्यांचा ज्वालामुखी काही निवृत्त झाला नव्हता; मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना खास त्यासाठी बोलावून घेतलं होतं. रसायनशास्त्र मात्र आता लेक शिकवत होती आणि विषारी रसायनांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे होती. शाळेत ती वडिलांना सर म्हणायची, घरी बाबा. भांडताना दोन्ही.

नावडतं औषध घ्यावं तशा चेहऱ्याने सरांनी हातमोजे चढवले. तिने बाटली काढली. अमोनियम डायक्रोमेट. नारिंगी, चमकदार खडे, आणि वरच्या चिठ्ठीवर कवटीचं चित्र. या क्षाराचा छोटासा ढीग पेटवला की आतून ठिणग्या उसळतात आणि चमचाभर नारिंगी खड्यांची बशीभर हिरवी राख होते. शेवटी सर ती राख तळहातावर घ्यायचे आणि फू करून पहिल्या रांगेवर उडवायचे. ज्याच्या अंगावर ती पडे, तो पुढे आठवडाभर शाळेत मिरवत असे.

“या काचेच्या कपाटात पेटवायचं,” ती म्हणाली. “वरचा पंखा धूर बाहेर ओढतो. काच खाली राहील, आणि राख आतच.”

“काचेत? मी काय संग्रहालयातला प्राणी आहे?”

“तुम्ही बाहेरच, सर. ज्वालामुखी आत.”

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “राख नाही तर मग राहिलं काय? पोरं येतात ती त्यासाठीच. अगं, पहिल्यांदा तुझ्याच केसांवर फुंकली होती मी. कशी नाचली होतीस!”

तेच तर तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिने काचेतून आत बोट दाखवलं. “सकाळी चिमूटभर जाळून पाहिलं. राख ओल्या गाळणकागदावर ठेवली. बघा.”

पांढऱ्या कागदावर हिरव्या राखेभोवती पिवळं कडं पसरलं होतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

“हे पिवळं जळायचं राहिलंय,” ते पुटपुटले.

“थोडं दरवेळी राहतं. आणि तेच पोरांच्या श्वासात जातं. कॅन्सर करणारा क्षार आहे हा, तुम्हीच शिकवलंत मला.”

“इतकी वर्षं फुंकली. झालं का कुणाला काही?”

“आपण कधी विचारायला गेलो का, बाबा?”

सरांनी चष्मा नाकावर उतरवला आणि बशीत क्षाराचा ढीग रचायला घेतला. रागावले की ते घर डोक्यावर घेत. हे असं निमूट कामाला लागणं तिला नवीन होतं. आपण फार टोचून बोललो, असं तिला वाटलं. पण त्यांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. तेवढ्यात दार उघडलं आणि मुलं घुसली, बाकांवर दाटीवाटीने बसलीसुद्धा.

तिने पंखा सुरू केला. सरांनी ढिगाला पेटती काडी टेकवली, हात बाहेर घेतला आणि काच खाली ओढली. ठिणग्या उडू लागल्या. हिरवी राख फसफसून वर येऊ लागली, बशीच्या काठावरून सांडू लागली. बाहेर सरांचा आवाज असा तापला, की ज्वालामुखी नक्की कुठल्या बाजूला आहे असा प्रश्न पडावा. पोरांनी आरडून छप्पर उचललं.

मग कुणीतरी सुरुवात केली, “राख! राख!” बघता बघता सगळी खोली तेच ओरडू लागली.

सरांचा हात काचेच्या मुठीवर गेला.

लेकीने ते पाहिलं. अडवावं, तर भरल्या शाळेत बापाचा पाणउतारा. न अडवावं, तर ही पुढची पोरं, हसरी, तोंडं उघडी टाकून बसलेली. ती पुढे झाली आणि पहिल्या रांगेसमोर उभी राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिलं. काचेखाली अजून बोटभर फट होती. ती त्यांनी दाबून पुरती बंद केली.

“सर, माझ्या ताईवर फुंकली होती ना तुम्ही?” पुढच्या बाकावरची एक मुलगी हिरमुसून म्हणाली. “मग आमच्यावर का नाही?”

सरांनी हातमोजे काढले. खाकरले. हजेरी घेताना लागायचा तोच त्यांचा खणखणीत आवाज लागला.

“फुंकली होती. तुझ्या ताईवर फुंकली, या तुमच्या बाईंवरही फुंकली. त्या राखेत विष असतं. मी चुकलो.”

घरात कधी त्यांच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तरी बाबा ते मिठाच्या माथी मारत आले होते. इतका अभिमान लेकीला त्यांच्या कुठल्याच ज्वालामुखीचा वाटला नव्हता.

सरांनी वर्गावरून नजर फिरवली.

“बघताय काय नुसते? लिहून घ्या!”

प्रदर्शनाला वह्या कोण आणतो? पुढच्या बाकावरच्या त्या मुलीने खिशातून पेन काढलं, डावा तळहात उघडला आणि लिहायला सुरुवात केली.