चार शर्यतींचा गिअर

शर्यतीच्या गाडीचा गिअर चार शर्यती झाल्या की भंगारात टाकायचा, मग तो कितीही धडधाकट का असेना, हा दंडक उस्तादनेच घातला होता. “तुटायची वाट बघायला ही काय घरची गाडी आहे?” असं तो हाताखालच्या मेकॅनिकांना खडसवायचा. त्यांच्यातलाच एक पुढे मॅनेजर झाला. आज त्याने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “उस्ताद, उद्यापासून येऊ नका.” “का रे, माझं कुठलं काम चुकलं?” “एकही नाही. पण बिघडायच्या आधीच बदलायचं, तुम्हीच शिकवलंत ना?” आठवण म्हणून त्याने भंगारातलाच एक गिअर पुसून हातात ठेवला. घरच्या गाडीतून उस्ताद परतला. वीस वर्षांत तिचा गिअरबॉक्स कधी उघडावा लागला नव्हता. बायकोने तो गिअर खिडकीशी नेऊन दातांवरून बोट फिरवलं. “अहो, याचा एकही दात झिजलेला नाही. मग काढला कशाला?”