जखम भरणारं पोलाद

आतले बोल्ट आवळायला निवृत्ती पोकळ पोलादी खांबाला भोक पाडून आत शिरला. भोक मिटू नये म्हणून लावलेली पाचर निसटली आणि भोक बुजलं. भूकंपात इमारत तगावी म्हणून बनवलेल्या या पोलादाची जखम आपोआप भरून यायची.

त्याची बायको कौसल्या त्याच साइटवर गॅस कटर चालवायची. ती कापत राहिली, पण दरवेळी चीर आधीपेक्षा लवकर मिटत होती. अखेर जेमतेम मनगटाएवढं भोक पडलं. कडा पोळत असतानाही तिनं हात आत घातला. निवृत्तीनं तो घट्ट धरला.

"दम कोंडतोय गं," तो म्हणाला.

"हात सोडू नका. मी आहे."

पोलाद तिच्या मनगटाला टेकलं, तसा त्यानंच तिचा हात बाहेर ढकलला.