गाळखात्याचा वास

"तोंड उघडलंस की लग्न मोडलं म्हणून समज," काबासोकाका दारातच पुटपुटले.

चिशालाने मुकाट मान हलवली. बोलायचं काम तसंही काकांचंच. मागणी घालायला मध्यस्थ जातो, नवरदेव नव्हे. पण मुलीच्या, म्हणजे सांपाच्या आजीने निरोपच धाडला होता, पोराला घेऊन या, मला बघायचाय. म्हातारीपुढे कुणाचं चालतंय!

आणि नेमका आत्ताच तोंडाला हा लसणाचा भपकारा. खरं तर चिशालाने लसणाची पाकळी चाखली नव्हती. कारखान्यात तांबं शुद्ध करताना टाक्यांच्या तळाशी काळा गाळ बसतो, त्या खात्यात त्याची नुकतीच बदली झाली होती. गाळात सोनं असतं, चांदी असते, आणखीही कसले कसले धातू असतात. त्यातला एक अंगात भिनला की श्वासाला लसणाचा वास मारतो. पेरूचा पाला चावा, राखेने दात घासा, हटायचं नाव नाही.

काकांनी रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवून, वर दुसरी ताटली पालथी घातलेली ताटली पुढे सरकवली. आत मण्यांची माळ. मुलीकडच्यांनी वरची ताटली उचलली की होकार, नाहीतर माळ तशीच परत. पडद्याखालून सांपाची पावलं दिसत होती. चिशालाचा सगळा जीव त्या ताटलीत अडकला होता.

"मुलगा मुका आहे का हो?" सांपाची आत्या चोला हिने विचारलं.

"लाजाळू आहे."

"खाणीच्या गावात लाजाळू? नवलच!" तिने मुंकोयोच्या मुळांचं गोड सरबत भरलेला मग त्याच्या हाती दिला. "घ्या, लाजाळू."

थोरांच्या हातून घेऊन गप्प कसं बसायचं? "आभारी आहे, आत्या," चिशाला बोलून गेला.

आत्या झटकन मागे सरली. "अगं बाई, लसूण! दारूचा वास दडवायला बोकाणा भरून आलाय मेला! माळ तशीच परत न्या!"

"दारू नाही हो आत्या, शप्पथ!" चिशाला कळवळून म्हणाला, तर खोलीभर आणखीच घमघमाट. काकांनी कपाळाला हात लावला.

"थांब गं," कोपऱ्यातून आजी म्हणाली. "ये रे इकडे. बस. मार फुंकर."

मेल्याहून मेल्यासारखं होऊन त्याने फुंकर मारली. आजीने डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"गाळखात्यात आहेस?"

"हो, आजी."

"अजून सुटताना कपडे उतरवून आंघोळ घालतात? नखं तपासतात?"

"तपासतात, आजी."

"आमच्या ह्यांचीही तपासायचे. सोन्याचा कण कधी घरी आला नाही. यायचा तो हा वास." आजी खुदकन हसली, डोळे मात्र भरून आले. "चोले, तू रांगत होतीस तेव्हा तुझा बाप गेला. आज त्यालाच दारुडा म्हणालीस बघ!"

आत्याने जीभ चावली. आजीने वरची ताटली उचलून बाजूला ठेवली. पडद्यामागून बायकांच्या आनंदाच्या किलकाऱ्या उठल्या, सांपाची सगळ्यांत मोठी. काकांनी चिशालाच्या हातातला मग घेऊन एका घोटात रिकामा केला.

"माळ बघतील त्या पोरी," आजी चिशालाची कॉलर धरून म्हणाली. "तू पुन्हा एकदा फुंकर मार रे."