दहावीच्या वर्षाची लस

"मॅडम, स्वप्न पडतं म्हणजे नेमकं काय होतं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून ईश्वरीने भर वर्गात विचारलं. मागच्या बाकांवर हशा पिकला. दहावी-ब मधली सगळी मुलं दर जूनला जागरणाची लस घेत, त्यामुळे पाचवीपासून त्यांच्यापैकी कुणी झोपलंच नव्हतं. आपटीकर मॅडमना वयामुळे ती लस चालत नसे. त्या अजून रोज झोपत.

मॅडमनी डस्टर खाली ठेवलं.

"काल माझी आई आली होती. तिला वारून कितीतरी वर्षं झाली. म्हणाली, किती वाळलीस गं, जेवतेस ना नीट?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"भांडले. नेहमीसारखी."

यावर कुणी हसलं नाही.

घरी बाबा अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीला चिकटवत होते. रात्रभर गणित होतं. कोपऱ्यात कॅरमबोर्ड उभा होता. आजोबा गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता.

"उद्या सकाळी लसीला नंबर आहे तुझा," आई म्हणाली.

"यंदा मी घेणार नाही."

"अगं, बाकीची पोरं रात्रभर अभ्यास करतील," बाबा म्हणाले.

"करू देत. आजोबांबरोबर माझा एक डाव राहिलाय. मी झोपणार आहे."